कोळसा उगाळावा तितका...

गेले दोन महिने आमच्या घरात नारळाची करवंटी फेकायची नाही, असा हुकूम आहे. हुकूम नातीचा. ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते आहे आणि तिच्या प्रोजेक्टला करवंट्या लागतात. मी आपली नारळ खवून झाला की करवंटी खरवडून, धुऊन बाल्कनीत वाळत घालते. परवा शेजारच्या वहिनींनी विचारलंच, "काय हो काकू, एवढ्या करवंट्यांचं काय करणार?" मी म्हटलं, "बॅटरी." त्यांना वाटलं, म्हातारी थट्टा करतेय.

थट्टा नव्हती. या करवंट्यांचा भट्टीत कोळसा होतो आणि तो कोळसा पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीच्या ऋण बाजूला बसतो. मी इतिहास आणि मराठी शिकवणारी बाई. शास्त्राशी माझा संबंध जुन्या अकरावीच्या मॅट्रिकला संपला. विजेशी कोळशाचा संबंध मला माहीत होता तो एवढाच, की वडिलांच्या टॉर्चमधले सेल संपले की ते आधी उन्हात ठेवायचे (त्यात पुन्हा जीव येतो अशी घरोघरी श्रद्धा होती) आणि मग भावानं ते फोडून आतली काळी कांडी काढायची. त्या कांडीनं आम्ही अंगणातल्या फरशीवर आखणी करायचो. ती कांडी कार्बनची, आणि सेलची ती जात फ्रान्सच्या लक्लांशे यांनी १८६६ मध्ये शोधलेल्या सेलची वंशज, हे मला सत्तरी ओलांडल्यावर नातीकडून कळलं.

पण आज लिहायला बसले ते करवंट्यांबद्दल नाही. एका म्हणीबद्दल लिहायचं आहे. म्हण तुम्हा सगळ्यांना पाठ असेल: कोळसा उगाळावा तितका काळाच.

मागच्या डिसेंबरात आमच्या शाळेच्या एका जुन्या बॅचचा मेळावा झाला. आता ही मुलं पन्नाशी ओलांडलेली, कुणाचे केस पांढरे, कुणाचे मुळी उरलेच नाहीत. बॅचबरोबर दहावीपर्यंत न पोचलेल्यांनाही त्यांनी आठवणीनं बोलावलं होतं, हे मला फार आवडलं. त्यातला एक जण माइक हातात घेऊन म्हणाला, "मी नववीत शाळा सोडली. बाईंनी एकदा माझा पेपर सगळ्या वर्गाला दाखवून म्हटलं होतं, कोळसा उगाळावा तितका काळाच. तेवढी एक म्हण मला अजून पाठ आहे!" सगळे हसले. तोही हसला. मीही हसले. घरी आल्यावर मात्र झोप लागली नाही.

मला तो प्रसंग आठवतच नव्हता, हे त्यातलं सगळ्यात वाईट. म्हणजे ती म्हण मी किती जणांना म्हटली असेल, देव जाणे.

पुढच्याच आठवड्यात नात सुटीला आली. सहज तिला विचारलं, "तुझ्या त्या कोळशात एवढं काय आहे गं?" ती म्हणाली, "अगं आजी, तू ८ मार्चला शाळेत जिच्यावर भाषण करायचीस ना, डी.एन.ए.च्या फोटोवाली, तिनंच तर याची सुरुवात केली." मी चाटच पडले.

रोझलिंड फ्रँकलिन. दर महिला दिनाला मी हिची गोष्ट सांगत असे. १९५२ साली तिच्या प्रयोगशाळेत, तिच्या देखरेखीखाली रेमंड गॉसलिंग या विद्यार्थ्यानं डी.एन.ए.चं क्ष-किरण छायाचित्र घेतलं, 'फोटो ५१' नावानं गाजलेलं. ते तिला न विचारता वॉटसनला दाखवलं गेलं. १९६२ चं नोबेल वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळालं. ती त्याआधीच, १९५८ मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी कर्करोगानं गेली होती. गोष्ट ऐकून मुली गप्प व्हायच्या. मलाही वाटायचं, चांगलं काम केलं आपण. पण ही बाई डी.एन.ए.कडे वळायच्या आधी काय करत होती, हा साधा प्रश्न मला कधी पडला नाही. इतिहासाची शिक्षिका मी!

ती कोळसा उगाळत होती. अक्षरशः.

फ्रँकलिनचा जन्म १९२० चा, लंडनचा. केंब्रिजला शिकली. शिक्षण संपलं तेव्हा दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. १९४२ मध्ये ती कोळशाच्या वापरावर संशोधन करणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेत रुजू झाली. रात्री हवाई हल्ल्याच्या वेळी स्वयंसेवक म्हणून काम आणि दिवसा कोळसा. त्या काळातलं इंग्लंड कोळशावर जगत होतं: घरातली शेकोटी, कारखाने, आगगाड्या, दिव्याचा आणि स्वयंपाकाचा गॅस, सगळं कोळशातून. शिवाय विषारी वायूपासून बचावाच्या मुखवट्यांतही कोळशाचीच भुकटी असे. एक कोळसा चांगला का, दुसरा वाईट का, हा तेव्हा जीवनमरणाचा प्रश्न होता.

तिनं काय केलं, तर कोळशाची घनता मोजली. ऐकायला अगदी शाळकरी प्रयोग. पण गंमत अशी, की कोळशाची घनता तुम्ही ती कशात मोजता त्यावर अवलंबून असते. हेलियम वायूत मोजली तर एक उत्तर येतं, आणि मोठ्या रेणूंच्या द्रवात मोजली तर दुसरं. कारण कोळसा भरीव नसतो. त्याच्या आत डोळ्यांना, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारी छिद्रं असतात. हेलियमचा कण इवलासा, तो सगळीकडे शिरतो. मोठा रेणू दारातच अडतो. कोण आत जातं आणि कोण बाहेर राहतं, यावरून तिनं आतली वाट ताडली. अनेक छिद्रांची तोंडं अरुंद असतात आणि कोळसा चाळणीसारखा रेणूंची निवड करतो, हे तिनं दाखवलं. आपल्याकडचा चंबू आठवा. मान बारीक, पोट मोठं. तशा कोट्यवधी चंबूंनी भरलेला एक काळा खडा. या कामावर तिला १९४५ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळाली.

युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, ती पॅरिसला एका सरकारी रासायनिक प्रयोगशाळेत गेली. तिथे झाक मेरिंग यांच्याकडे ती क्ष-किरणांनी पदार्थाच्या आतली रचना पाहायला शिकली. (हीच विद्या पुढे डी.एन.ए.ला कामी आली. कोळसा नसता, तर फोटो ५१ तरी असता का, असं आता मनात येतं.) तिथे तिनं एक भलतंच चिकाटीचं काम हाती घेतलं. वेगवेगळे पदार्थ घ्यायचे, हवा लागू न देता तापवून त्यांचा कोळसा करायचा आणि मग तो ३००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवत न्यायचा. काय होतं ते पाहायचं.

इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल. मला जसं समजलं तसं सांगते, चुकलं तर नात खाली दुरुस्त करेलच. शुद्ध ग्रॅफाइट म्हणजे पत्त्यांचा नवा कॅट. कार्बनच्या अणूंची मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असलेले पातळ थर, एकावर एक, काटेकोर रचलेले. दोन थरांमधलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचे तीस लाख भाग केले तर साधारण त्यातला एक. पेन्सिलीनं लिहिता येतं ते हे थर सुटून कागदाला लागतात म्हणून.

तोपर्यंतची सर्वसाधारण समजूत अशी, की कुठलाही कोळसा पुरेसा तापवला की शेवटी ग्रॅफाइटच होणार. फ्रँकलिननं दाखवलं, की कोळशाच्या दोन जाती आहेत. एक जात उष्णतेबरोबर हळूहळू शहाणी होते, थर सरळ होतात, एकमेकांवर बसतात, ग्रॅफाइट होतं. पेट्रोलियमचा कोक असा. दुसरी जात ३००० अंशांनाही दाद देत नाही. साखरेचा कोळसा असा. तिच्या नमुन्यांत दोन प्लास्टिकंही होती: ज्याचे आपल्या घरात पाइप असतात ते पीव्हीसी, आणि त्याचंच भावंड पीव्हीडीसी. पहिल्याचा कोळसा ग्रॅफाइट होतो, दुसऱ्याचा काही केल्या होत नाही! सख्ख्या भावंडांची गत.

का? तर दुसऱ्या जातीत कोळसा होण्याच्या अगदी सुरुवातीला, उष्णता कमी असतानाच, आतल्या इवल्या इवल्या चवडींमध्ये आडवेतिडवे बळकट सांधे तयार होतात. एकदा ते झाले की चवडींना वळून ओळीत बसताच येत नाही. लहान मुलानं पत्ते उधळून पुन्हा गोळा करावेत तशा त्या वाटेल त्या दिशेला तोंड करून अडकून राहतात. आणि त्यांच्या मध्ये उरतात मोकळ्या जागा. छिद्रं. हा निबंध १९५१ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. ती तेव्हा जेमतेम तीस वर्षांची. म्हणजे लंडनच्या किंग्ज कॉलेजात डी.एन.ए.चं काम सुरू करण्याआधीच कार्बनच्या जगात तिचं नाव झालेलं होतं. या दुसऱ्या जातीला पुढे 'हार्ड कार्बन' म्हणू लागले. नातीच्या करवंट्यांचा होतो तो हाच.

पण तेव्हा या हट्टी कोळशाचा बॅटरीत काही उपयोग होईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आपल्या हातात आज जी बॅटरी आहे, तीच मुळी जन्मायची होती.

ती गोष्ट लिथियमची. लिथियम सगळ्यांत हलका धातू, आणि बॅटरीला फार चांगला. १९७० च्या दशकात अमेरिकेत एक्सॉन कंपनीत स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी पुन्हा चार्ज होणारी लिथियमची बॅटरी केली. तिच्या एका बाजूला लिथियम धातूच होता. अडचण अशी, की चार्ज करताना परतणारं लिथियम धातूवर सपाट बसत नाही. त्याचे सुईसारखे कोंब फुटतात, आणि ते पलीकडे टेकले की आतल्या आत शॉर्ट सर्किट. कॅनडातल्या मोली एनर्जी या कंपनीनं अशा बॅटऱ्या बाजारात आणल्या, पण १९८९ मध्ये जपानात त्यांच्या बॅटरीमुळे फोनला आग लागली आणि माल परत बोलवावा लागला.

तेव्हा उपाय एकच: लिथियमला धातू म्हणून ठेवायचंच नाही. त्याला राहायला एक बिऱ्हाड द्यायचं. चार्ज करताना त्यानं तिथे येऊन राहावं, वापरताना निघून जावं. बिऱ्हाड पक्कं हवं, भाडेकरू आला-गेला तरी भिंती शाबूत राहिल्या पाहिजेत. ते बिऱ्हाड म्हणजे कार्बन.

ग्रॅफाइटच्या थरांमध्ये लिथियम छान बसतं, सहा कार्बनमागे एक. फ्रान्समध्ये ग्रनोबलला राशिद याझामी यांनी १९८० च्या सुमारास ते विजेच्या साहाय्यानं आत घालून परत काढूनही दाखवलं. पण बॅटरीत तेव्हा जो द्रव वापरत, तो लिथियमच्या पाठोपाठ थरांत घुसायचा आणि ग्रॅफाइटचे पापुद्रे सुटायचे. भाडेकरूबरोबर त्याचा सगळा गोतावळा यावा आणि घर पडावं, तसं. आणि इथे एक मजा झाली. जपानमध्ये असाही कासेई कंपनीत अकिरा योशिनो यांनी १९८५ च्या सुमारास ग्रॅफाइटऐवजी कमी शिस्तीचे कार्बन वापरून पाहिले. पुढे त्यांनी पेट्रोलियम कोक वापरला. त्याचे थर वाकडेतिकडे, एकमेकांत अडकलेले. द्रवाला ते सोडवता आले नाहीत. जे नीटनेटकं होतं ते कोसळलं आणि जे अव्यवस्थित होतं ते टिकलं! १९९१ मध्ये सोनीनं लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली ती ग्रॅफाइटवर नाही, कोकवर. नंतर त्यांनी हार्ड कार्बनही वापरला.

ग्रॅफाइटवर अन्याय नको. १९९० मध्ये कॅनडात जेफ डान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की द्रव बदलला, इथिलीन कार्बोनेट नावाचा घेतला, तर पहिल्याच चार्जिंगला ग्रॅफाइटवर एक पातळ संरक्षक साय धरते आणि मग पापुद्रे सुटत नाहीत. त्यानंतर ग्रॅफाइट आलं ते कायमचं. आज तुमच्या मोबाइलमध्ये बहुधा तेच आहे. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. (माझ्या वयाच्या मैत्रिणींनो, अजून आशा आहे.)

मग हट्टी कोळशाची पाळी पुन्हा कशी आली? मिठामुळे. लिथियम जगात मोजक्याच ठिकाणी भरपूर सापडतं. सोडियम मात्र समुद्रभर. बॅटरी जड होईल, थोडी कमी वीज साठवेल, पण स्वस्त पडेल. गरीब देशाला आणि घराघरांत वीज साठवायला तेवढं पुरे. अडचण ही, की सोडियम ग्रॅफाइटमध्ये नीट राहायला तयार नाही. मी नातीला म्हटलं, "आकारानं मोठं असेल, मावत नसेल." ती म्हणाली, "सगळे असंच म्हणतात आजी, पण पोटॅशियम त्याहून मोठं आहे आणि ते खुशाल शिरतं!" म्हणजे नुसत्या आकाराचा प्रश्न नाही, सोडियमचं आणि ग्रॅफाइटचं जमतच नाही. असतात अशी स्थळं.

२००० साली त्याच जेफ डान यांनी, आता हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठातून, डेव्हिड स्टीव्हन्स या विद्यार्थ्याबरोबर एक निबंध लिहिला. त्यांनी ग्लुकोज जाळून कोळसा केला, म्हणजे फ्रँकलिनच्या साखरेचाच जवळचा नातेवाईक, आणि त्यात सोडियम घातलं. ते राहिलं! ग्रॅममागे सुमारे ३०० मिलिअँपिअर-तास. ग्रॅफाइटमध्ये लिथियम जास्तीत जास्त ३७२ पर्यंत जातं, म्हणजे फार मागे नाही. त्यांचा अंदाज असा, की सोडियम आधी सैलसर थरांमध्ये शिरतं आणि मग त्या चवडींमधल्या मोकळ्या जागा भरतं. नेमका क्रम काय, यावर विद्वानांचे वाद अजून चालू आहेत. पण त्या रिकाम्या जागा कामाच्या, यावर एकमत आहे. १९५१ साली ज्या वाकडेपणामुळे हा कोळसा ग्रॅफाइट होऊ शकला नाही, त्याच वाकडेपणात सोडियमला घर मिळालं.

मला वाटलं, मग जितकी छिद्रं जास्त तितकं चांगलं. तर तसंही नाही. पाण्याच्या फिल्टरमधला कोळसा बहुतेकदा करवंटीचाच असतो. त्याची छिद्रं उघडी करून ठेवलेली असतात, इतकी, की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्याही वर जातो. पण तो बॅटरीत घातला, तर द्रव सगळीकडे शिरतो, प्रत्येक भिंतीवर साय धरते आणि पहिल्याच चार्जिंगला बरंचसं सोडियम त्यातच खर्ची पडतं. बॅटरीला हवा चंबू: आत पोकळी, पण तोंड इतकं बारीक, की सोडियम जाईल आणि द्रव बाहेर राहील. फ्रँकलिननं युद्धाच्या काळात हेलियम आत सोडून जे ताडलं, तेच हे. म्हणून नातीची सगळी खटपट भट्टी किती अंशांवर ठेवायची, किती सावकाश तापवायची, यासाठी चालते. साधारण हजार अंशांच्या वर, आर्गॉन वायूत. एकाच करवंटीतून फिल्टरचा कोळसा होतो आणि बॅटरीचाही. कसं तापवलं, त्यावर सगळं.

हे काही दूरच्या देशातलं राहिलेलं नाही. जपानची कुरारे कंपनी नारळाच्या करवंटीपासून बॅटरीसाठी हार्ड कार्बन बनवते. आणि डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या पुण्यात केपीआयटी कंपनीनं सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं, त्यामागे आयसर पुणे इथल्या डॉ. सतीशचंद्र ओगले यांच्या गटाचं काम होतं. कोकणच्या करवंट्यांना बरे दिवस येतील की नाही ते काळ ठरवेल. नात मात्र सध्या फक्त आजीच्या करवंट्यांवर विसंबून आहे.

फ्रँकलिनला यातलं काही कळणं शक्यच नव्हतं. लंडनला तिच्या थडग्यावर ती शास्त्रज्ञ होती आणि तिचं विषाणूंवरचं काम मानवजातीच्या कायम उपयोगी पडेल, अशा अर्थाचा मजकूर कोरलेला आहे. डी.एन.ए.चा उल्लेख नाही आणि कोळशाचाही नाही. थडगं केवढं, त्यावर मावणार किती, हे खरं. पण मी तर तासभर भाषण करत असे. मी तिची 'अन्याय झालेली बाई' एवढीच एक ओळ केली. अन्याय झाला हे खोटं नाही. पण तिच्या आयुष्यातली ती अर्धीमुर्धी दोन वर्षं. त्याआधीची कित्येक वर्षं ती आनंदानं, जिद्दीनं काळ्या खड्यांच्या पोटात काय आहे ते शोधत होती, ते मी माझ्या मुलींना सांगितलंच नाही. मलाच माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावं असं वाटलंही नव्हतं.

आणि मग तो मुलगा. हे सगळं ऐकून झाल्यावर मी आयोजकांकडून त्याचा नंबर घेतला आणि फोन केला. त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, चार माणसं हाताखाली आहेत. मी म्हटलं, "बाळ, तेव्हा मी ते बोलायला नको होतं." तो म्हणाला, "अहो बाई, गंमत केली मी. तुम्ही कशाला मनाला लावून घेता!" आणि मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "बाई, तेव्हा मी सकाळी कोळशाच्या वखारीत पोती भरायला जायचो. तिथनंच शाळेत यायचो. हात धुतले तरी नखांत काळं राहायचं, पेपरावर डाग पडायचे. मला वाटलं, तुम्ही तेच बोललात. सगळ्या वर्गाला कळलं असं वाटलं."

मला काही बोलता आलं नाही.

मी त्याच्या उत्तरांबद्दल बोलले होते. वखारीचं मला ठाऊकच नव्हतं. पण वर्षभर तो मुलगा माझ्यासमोर बसत होता, त्याच्या पेपरांवर काळे डाग येत होते, मी ते वह्यांत पाहिले असणार, आणि कदाचित टापटिपीचे गुणही कापले असणार. हे कशाचे रे डाग, एवढं एक वाक्य मी विचारलं नाही. म्हण तयार होती ना जिभेवर.

तुम्ही म्हणाल, आता बाई त्या मुलालाच 'हार्ड कार्बन' म्हणणार. तसा मोह झाला, खोटं कशाला सांगू. ओळीत न बसणारा, पण कामाचा वगैरे. पण ते म्हणजे पुन्हा तेच झालं. तेव्हा एक म्हण चिकटवली, आता दुसरी उपमा चिकटवायची. तो कोळसा नव्हता आणि हार्ड कार्बनही नाही. पहाटे उठून पोती भरणारा चौदा वर्षांचा मुलगा होता.

असो. ती म्हण खोटी आहे असं मी म्हणत नाही. कोळसा उगाळला तर काळाच राहणार. पण पोटात काय आहे ते उगाळून कळत नाही, एवढं मला आता कळलंय. फ्रँकलिननं त्यासाठी हेलियम वापरला. मला तर नुसतं विचारायचं होतं.

फोन ठेवताना तो म्हणाला, "बाई, गावाकडं या एकदा. जेवायलाच या." मी जाणार आहे. नात म्हणते, त्याच्याकडे नारळाची झाडं आहेत का ते विचार. ते मात्र मी विचारणार नाही. या वेळी त्याचंच ऐकायचं असं ठरवलंय.